थंडीत अंग उलतं, खाजतं, टाचा फुटतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात आमचं मेडिकल आहे, मी स्वतः फार्मासिस्ट, १९ वर्षं काउंटरवर उभी आहे. डिसेंबरात एक दिवस सकाळी शटर वर करते आणि शेल्फवरचं खोबरेल बाटलीत पांढरं झालेलं दिसतं, त्याच दिवसापासून व्हॉट्सअपवर हाताचे, पायाचे, ओठांचे फोटो यायला लागतात ते थेट मार्चपर्यंत. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलंय, लोक विचारतात त्याच शब्दांत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जे डॉक्टरलाच दाखवायला हवं तिथे तसं लिहिलंय, आणि प्रश्न २३ मध्ये ते सगळं एकत्र आहे.

१. ठाण्यात कुठे एवढी थंडी पडते? तरी अंग का उलतं?

थंडीपेक्षा कोरडी हवा त्रास देते. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येते, पापड सादळतात, तेव्हा कुणाचं अंग उलत नाही बघा. डिसेंबर-जानेवारीत सकाळभर वारा उत्तरेकडून जमिनीवरून येतो, समुद्राकडचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो, आणि जमिनीवरून आलेल्या वाऱ्यात ओलावा नसतो. पहाटे १६-१७ डिग्री आणि दुपारी ३० च्या वर, म्हणजे ऊन तापलेलं पण हवेत दमटपणा नाही, दोरीवरचे कपडे दोन तासांत खडखडीत वाळतात आणि आपली त्वचापण तशीच वाळते. त्यात येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडे राहणाऱ्यांना पहाटेचा गारवा जास्त, घोडबंदर रोडला बाइकवर तोंडावर वारा, आणि ऐरोली-महापेच्या ऑफिसात नऊ तास एसी, तो खोलीतल्या हवेतलं पाणी काढून नळीतून बाहेर ठिबकवत असतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. सुकलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि मध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ऍसिड ह्यांचं सिमेंट. हे सिमेंट झिजलं की आतलं पाणी हवेत उडून जातं. कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी पडलं असं सगळ्यांना वाटतं, पण खरं तर पाणी गळत असतं. पुढची जवळपास सगळी उत्तरं ह्याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. मी दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी पिते, तरी त्वचा कोरडीच. अजून पिऊ का?

नको. तहान भागेल आणि लघवी फिकट होईल एवढं पाणी शरीराला पुरतं, त्याच्यावर प्यायलेलं लघवीवाटे जातं, नडगीच्या त्वचेपर्यंत जास्तीचं काही पोचत नाही. थंडीत तहान कमी लागते म्हणून जे दिवसभरात दोनच ग्लास पितात त्यांनी मात्र वाढवा. बाकी गळणाऱ्या माठात वरून कितीही ओता, आधी तडा बुजवायला हवा.

३. मॉइश्चरायझर आंघोळीनंतर लावायचं म्हणजे नक्की कधी? मी ऑफिसला निघताना लावतो.

उशीर झाला. बाथरूममधून बाहेर यायच्या आत लावा. पंचाने अंग घासायचं नाही, टिपायचं, अंग अजून दमट आहे, थेंब नाहीत पण हाताला ओल लागतेय, तेव्हाच. साधारण तीन मिनिटांचा हिशोब धरा. आंघोळीत त्वचेने जे पाणी घेतलंय त्यावर झाकण घालायचं असतं, आणि कपडे घालून, डबा भरून, बूट चढवून होईपर्यंत ते पाणी उडून गेलेलं असतं, मग तुम्ही कोरड्यावर झाकण घालता. लोक माझ्याकडे येऊन "हे क्रीम काम करत नाही, दुसरं द्या" म्हणतात, मी आधी विचारते कधी लावता, आणि दहातल्या निम्म्यांना तरी तेच क्रीम परत वेळ बदलून लावायला सांगते. पैसे वाचतात. बाटली कपाटात नको, बाथरूमच्या दाराशी ठेवा, म्हणजे विसरत नाही.

४. थंडीत गार पाण्याने तर आंघोळ होत नाही, गरम पाणी खरंच एवढं वाईट आहे का?

गार पाण्याने करा असं कुणीच म्हणत नाही. कोमट म्हणजे मनगटावर ओतलं तर ऊबदार वाटेल पण त्वचा लाल होणार नाही असं. खरकट्या ताटावरचं तूप गार पाण्याने निघत नाही आणि कढत पाण्याने लगेच निघतं ना, तसंच अंगावरचं स्निग्ध कढत पाण्याने निघून जातं. पाच ते दहा मिनिटं, बस. खाज येते म्हणून कढत पाणी घेणारे खूप आहेत, त्या वेळी फार बरं वाटतं हे खरं, पण अर्ध्या तासात दुप्पट खाजतं.

५. साबण कुठला वापरू?

नेहमीच्या साबणवडीचा पीएच (आम्ल-क्षार मोजायचा आकडा) ९-१० असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणून साबणाने अंग कचकचीत स्वच्छ वाटतं आणि मग ताणल्यासारखं होतं. थंडीपुरती सिंडेट बार (दिसायला साबणवडीच, पण साबण नसलेली, त्वचेला सौम्य) किंवा बिनवासाची क्लेन्झिंग लोशन वापरा. आणि महत्त्वाचं, साबण रोज सगळ्या अंगाला लावायची गरजच नाही, काखा, जांघा, पावलं, बास, हातपाय नुसत्या पाण्याने स्वच्छ होतात. घासणी, लूफा, दगड अंगावर नको. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस तेल लावून लावतो म्हणून चालतं, पण रोज बेसन किंवा मुलतानी माती नको, दोन्ही तेल शोषून घेतात.

६. लोशन, क्रीम, मलम, जेली... फरक काय? ८०० रुपयांचं घेतलं तरच गुण येतो का?

लोशनमध्ये पाणी सगळ्यात जास्त, क्रीममध्ये कमी, मलमात जवळपास नाहीच, आणि पेट्रोलियम जेलीत अजिबात नाही. जितकं घट्ट तितकं झाकण पक्कं आणि तितकंच चिकट. दिवसा ऑफिसला क्रीम, रात्री टाचा-कोपर-नडगीला मलम किंवा जेली, असं बहुतेकांना जमतं.

लेबलवर तीन प्रकारच्या गोष्टी शोधा. पाणी ओढून धरणाऱ्या म्हणजे ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक ऍसिड, हायलुरॉनिक ऍसिड. झाकण घालणाऱ्या म्हणजे पेट्रोलॅटम, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन. आणि सिमेंट भरणाऱ्या, सिरॅमाइड वगैरे. पहिल्या दोन असतील तर १५०-२०० रुपयांचं क्रीमही छान काम करतं, सिरॅमाइडवाली महाग पडतात आणि इसब असलेल्यांना त्यांचा फायदा होतो, पण साध्या कोरडेपणाला त्याच्यासाठी खिसा रिकामा करू नका. महाग क्रीम पुरवून पुरवून लावण्यापेक्षा स्वस्त क्रीम भरपूर लावलेलं कधीही बरं, हे मी दुकानदार असून सांगतेय. पेट्रोलियम जेली १८७२ साली अमेरिकेत पेटंट झाली, तेव्हापासून आजपर्यंत झाकण म्हणून तिच्यापुढे कोणी गेलेलं नाही. फक्त ती स्वतः पाणी देत नाही, म्हणून ओल्या अंगावरच (प्रश्न ३).

वास नसलेलं घ्या. गुलाब, चंदन, चॉकलेट वासाची क्रीमं उललेल्या अंगाला झोंबतात.

७. किती लावायचं? १०० मिलीची बाटली मला दोन महिने जाते.

मग तुम्ही फक्त वास लावताय! बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून क्रीमची रेघ काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळेला २० ते ३० ग्रॅम लागतं. पूर्ण अंगाची गरज सगळ्यांना नसते, नडग्या, हात, कोपर एवढंच असेल तरी १०० ग्रॅम दोन आठवड्यांत संपायला पाहिजे. म्हणूनच म्हणते, मोठा पंपवाला डबा घ्या. आणि चोळू नका, केसांच्या दिशेने, वरून खाली पुसल्यासारखं लावा, उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

८. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या खोबरेलच लावतात, ते नाही चालणार?

चालतं, चांगलं चालतं. खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं म्हणून सकाळी बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते एवढाच त्रास. कोरड्या अंगाला आंघोळीनंतर ओल्यावर पातळ थर, किंवा आधी तेल लावून मग साबणाशिवाय आंघोळ. पण आधी तेल चोळून नंतर साबणाने घासून काढलं तर हातात काय राहिलं?

सगळी तेलं सारखी नसतात हे मात्र ऐका. ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून लोक बाळाला लावतात, ते वरचा थर उलट ढिला करतं. मोहरीचं तेल पुष्कळांना जळजळतं. चेहऱ्यावर पुळ्या येत असतील तर खोबरेल तोंडाला नको (प्रश्न १४), आणि कोंडा असेल तर डोक्याला जपून (प्रश्न १५).

९. ग्लिसरीन-गुलाबपाणी आजी लावायची, मी नुसतं ग्लिसरीन लावलं तर अजून ताणलं. का?

कारण ग्लिसरीन पाणी ओढतं, जिथून मिळेल तिथून. हवा दमट असेल तर हवेतून, नसेल तर तुमच्याच त्वचेतून. आजी त्यात पाणी घालायची म्हणून तिचं जमायचं. एक भाग ग्लिसरीन, तीन-चार भाग गुलाबपाणी, ओल्या हातापायाला, आणि वरून जेलीचा पातळ हात. लिंबू पिळायची पण पद्धत आहे, ते नका करू, उललेल्या अंगाला झोंबतं आणि उन्हात गेलात तर काळे डाग पडतात, कधी फोडसुद्धा.

१०. ओठ सारखे फुटतात, लिप बाम संपत आले पण ओठ बरे नाहीत.

जिभेने ओठ ओले करता का? थुंकीत पचनाची रसायनं असतात, ती वाळताना ओठाचं पाणीपण घेऊन जातात. मुलांमध्ये तर ओठांभोवती लाल गोल उमटतो, अगदी जिभेच्या मापाचा. साल निघाली तर ओढायची नाही, रक्त येईल. मेंथॉल, कापूर, दालचिनीचे बाम गार वाटतात पण त्रास वाढवतात, साधी पेट्रोलियम जेली दिवसातून सहा-सात वेळा आणि झोपताना जाड थर. टूथपेस्टचा फेस ओठांवर राहू देऊ नका. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर ओठ सुकणारच, तो त्या गोळीचा परिणाम आहे, डॉक्टरला सांगा पण घाबरू नका. तोंडाच्या कोपऱ्यातच चिरा पडत असतील तर तो वेगळा प्रकार असतो, तिथे बुरशी किंवा लोह-बी व्हिटॅमिनची कमतरता असू शकते, दाखवून घ्या.

११. टाचांच्या भेगांत पाय टेकवत नाही. घरगुती काय करू?

ह्याचं उत्तर जरा लांब आहे कारण ह्यात माझी आई आहे. आई कोकणातली, तिच्या ट्रंकेत कागदात गुंडाळलेलं कोकमाचं मुठेल असायचं, पिवळट पांढरा, मेणासारखा कडक गोळा, मुठीत दाबून केलेला म्हणून बोटांचे ठसेसुद्धा त्यावर उमटलेले. रात्री सगळी भांडी झाली की पळीत त्याचा तुकडा टाकून गॅसवर धरायची, वितळला की जरा निवू द्यायची आणि कोमट असतानाच भेगेत थेंब थेंब सोडायची, तो भेगेतच गोठायचा, वरून जुना मोजा. मी फार्मसी शिकल्यावर कळलं की ते बरोबरच होतं, कोकमाचं तेल साध्या हवेत घट्ट राहतं, अंगाच्या उबेला मऊ पडतं, म्हणजे भेग बुजवायला एकदम फिट. दादर-ठाण्याच्या कोकणी मालाच्या दुकानांत अजून मिळतं.

आता पद्धत. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा, मऊ पडले की वज्रीने हलकेच वरचं मेलेलं काढा, एकाच दिवशी सगळं नाही, रोज थोडं. ब्लेड नाही. मग टिपून १० टक्के युरियाचं क्रीम, फार जाड टाच असेल तर २० टक्के, आणि झोपताना वर मुठेल किंवा जेली आणि सुती मोजे. खोल उघड्या भेगेत युरिया झोंबतं, तिथे आधी चार-पाच दिवस नुसती जेली. मागून उघड्या चपला थंडीत बंद करा, टाच पसरते आणि भेग फाकते, हे कुणी लक्षातच घेत नाही. दोन-तीन आठवडे धरा, चार दिवसांत काही होत नाही.

१२. मला डायबिटीस आहे, प्रश्न ११ मधलं सगळं मी करू शकतो का?

सगळं नाही. पाय बुडवून बसायचं नाही, वज्री-दगड-ब्लेड काही नाही, वितळवलेलं मुठेल तर अजिबात नाही, कारण पायाची जाणीव कमी झालेली असेल तर भाजलेलं कळणारच नाही. क्रीम रोज दोनदा लावा, वरच्या बाजूला आणि तळव्याला, पण बोटांच्या बेचक्यांत नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळपाय बघा. भेगेतून रक्त, पाणी, लाली, वास काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, "बघू चार दिवस" नको.

१३. भांडी-धुणी करून हात फाटलेत, बोटांची टोकं चिरतात.

भांड्यांचा साबण, फिनेल, कपड्यांची पावडर, तिन्ही हाताचं सिमेंट धुऊन काढतात. रबरी हातमोजे वापरा आणि आत पातळ सुती मोजे, नुसत्या रबरात घाम साचून अजून बिघडतं. हात धुतल्यावर प्रत्येक वेळी क्रीम, सिंकशेजारीच ट्यूब ठेवा. अंगठी काढून धुवा, तिच्याखाली साबण अडकतो. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनापण मोजे आणि एक क्रीमची ट्यूब द्या, चार घरची भांडी करून त्यांच्या हातांची काय दशा होते ते मी काउंटरवर रोज बघते, आणि त्या मागतात काय तर दहा रुपयांचं छोटं पाकीट.

एक गंमतीची वाटणारी पण खरी गोष्ट: उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाच्या फक्त डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं फाटत असतील तर लसूण संशयित आहे. सोलता-चिरताना पाकळी आपण त्याच बोटांनी धरतो. महिनाभर लसूण दुसऱ्या कुणाकडून सोलून घ्या, कळेलच.

१४. माझा चेहरा तेलकट आहे, पिंपल्सपण येतात, तरी थंडीत गालाची सालं निघतात. मॉइश्चरायझर लावलं तर अजून पिंपल्स?

तेलकट आणि कोरडं एकाच वेळी असू शकतं, तेल वरून आहे, पाणी आतून गळतंय. जेल किंवा हलकं लोशन घ्या ज्यावर नॉन-कॉमेडोजेनिक (म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असेल. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडापेलीन असलं पिंपल्सचं काही लावत असाल तर आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं औषध, आणि डॉक्टरला विचारून थंडीत एक दिवसाआड. दिवसातून दोनदाच तोंड धुवा. सनस्क्रीन थंडीतही, डिसेंबरचं ऊन कोवळं वाटतं पण काम करतंच.

१५. थंडीत कोंडा होतो, भरपूर तेल चोळतेय पण वाढतोय.

कोंडा म्हणजे बहुतेक वेळा कोरडी टाळू नाही. डोक्यावर राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशी तेलावर जगते, तुम्ही तिला जेवण वाढताय. पिवळट, चिकट खपल्या असतील तर २ टक्के केटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूला लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा, लगेच नाही. बारीक, कोरडी, पिठासारखी भुकटी पडत असेल आणि चिकटपणा नसेल तर टाळू खरंच कोरडी, तिथे कमी शॅम्पू, कोमट पाणी. जाड चंदेरी खपल्या कानामागे, केसांच्या रेषेवर असतील तर सोरायसिस असू शकतो.

१६. मुलाच्या गालावर पांढरे डाग आलेत. सासूबाई म्हणतात जंत आहेत, शेजारच्या काकू म्हणतात कॅल्शियम कमी आहे.

बहुतेक वेळा दोन्ही नाही. गालावर फिकट, कडा धूसर, किंचित खरबरीत असे डाग शाळकरी मुलांत फार दिसतात, कोरडेपणाचा सौम्य इसबाचा प्रकार आहे, आजूबाजूची त्वचा उन्हात सावळते म्हणून डाग उठून दिसतात. साधं क्रीम दोनदा, साबण तोंडाला नको, टोपी-सनस्क्रीन, आणि धीर, रंग परत यायला काही महिने लागतात. डाग एकदम दुधासारखा पांढराशुभ्र आणि कडा ठळक असेल, किंवा डागावर चिमटा काढलेला कळत नसेल, तर दाखवाच, ते वेगळं असतं.

१७. बाळाला मालीश, डाळीचं पीठ, धुरी... काय ठेवू, काय सोडू?

मालीश ठेवा, हलक्या हाताने, खोबरेल किंवा सूर्यफुलाच्या तेलाने. आंघोळ पाच मिनिटं, लगेच क्रीम. डाळीच्या पिठाने घासणं सोडा, लव त्याने जात नाही, कोवळी त्वचा सोलवटते. इसब असलेल्या बाळाच्या फुटलेल्या त्वचेवर बेसन, दूध-साय, बदामाचं तेल असले खायचे पदार्थ चोळू नयेत, त्वचेतून आत गेले तर पुढे त्याच पदार्थाची ऍलर्जी होऊ शकते. धुरी नको, बाळाच्या श्वासाला त्रास. आणि स्वेटर थेट अंगावर नाही, आत सुती झबलं, लोकर टोचते.

१८. बाबा ७६ वर्षांचे, नडगीवर वाळक्या तळ्यासारख्या चिरा, रात्रभर खाजवतात.

माझ्या वडिलांचं हेच झालं होतं. रात्री दोन वाजता खर-खर आवाज यायचा, सकाळी चादरीवर पांढरा भुसा आणि रक्ताचे ठिपके. वयाबरोबर त्वचेतलं तेल आणि घाम दोन्ही कमी होतात, त्यात म्हाताऱ्या माणसांना कढत पाणी आणि दोनदा साबण ह्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या: साबण फक्त प्रश्न ५ मध्ये लिहिलंय तेवढ्या जागी, दिवसातून तीनदा मलम आणि ते मी किंवा माझा भाऊ लावून द्यायचा कारण त्यांना वाकून नडगीपर्यंत पोचताच येत नव्हतं, आणि नखं बारीक कापली. साधारण दहा दिवसांत खाज उतरली. तुमच्याकडे चिरा लाल, ओलसर असतील तर नुसतं मलम पुरणार नाही, डॉक्टर काही दिवस स्टेरॉइड देतील, ते घ्या.

दोन धोके. मलम लावून बाथरूममध्ये पाय घसरतो, म्हणून बाहेर खुर्चीवर बसवून लावा आणि लगेच मोजे. दुसरा कुणाला माहीत नसतो: ही क्रीमं-तेलं कपड्यात मुरली की कापड फार पटकन पेटतं, धुतल्यावरही पूर्ण जात नाहीत. देवापुढे निरांजन लावताना धोतराचा सोगा, शेकोटी, विडी, गॅस, सांभाळा.

लघवीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी ह्यांनीही काहींना कोरडेपणा वाढतो. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला विचारा.

१९. खाजेसाठी घरात एक ट्यूब पडलीय, मागच्या वर्षी गुण आला होता. तीच लावू?

आधी ट्यूबवरचं नाव वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. गुण येतो तो दोन दिवसांत येतो, म्हणूनच लोकांना ते जादू वाटतं. मनाने महिनोन्महिने लावलं तर त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, तोंडावर केस आणि पुळ्या येतात, आणि बंद केलं की आग होते म्हणून माणूस परत लावतो. मागे कॉलेजमधली एक मुलगी आली होती, तोंडाला ओढणी गुंडाळून, दुकानात कुणी नाही बघून तिने ओढणी काढली, दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल, पंख्याचा वारासुद्धा सहन होत नव्हता. थंडीत गाल कोरडे पडले म्हणून मैत्रिणीने दिलेली ट्यूब आठ महिने लावत होती. ट्यूबवर सगळं छापलेलं होतं, तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देत नाही, आणि ह्यावरून कुणी रागावलं तरी चालेल. उलटी बाजूही सांगते: डॉक्टरने इसबासाठी अमुक दिवस, अमुक जागी लावा म्हणून दिलं असेल तर घाबरून अर्ध्यात सोडू नका, नीट वापरलेलं स्टेरॉइड चांगलं औषध आहे. मॉइश्चरायझर आणि ते ह्यात १५-२० मिनिटांचं अंतर ठेवा.

२०. कोरडेपणा आहे की नायटा की खरूज, कसं ओळखू?

कोरडेपणा पसरट असतो, दोन्ही पायांवर सारखा, आणि मॉइश्चरायझरने आठवड्यात फरक पडतो. नायटा म्हणजे गजकर्ण गोल, कड लाल उठलेली, मधे बरं झाल्यासारखं, जांघेत-कमरेला जास्त. त्यावर प्रश्न १९ मधली ट्यूब लावली तर खाज थांबते आणि नायटा आतून पसरत जातो, मग डॉक्टरलासुद्धा ओळखू येईना अशी अवस्था होते. खरूज रात्री जास्त खाजते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती, आणि मुख्य खूण म्हणजे घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज. तिचं औषध सगळ्या घराने एकाच रात्री लावावं लागतं, एकट्याने लावून उपयोग नाही.

मानेवर काळपट, जाडसर, मखमलीसारखा थर असेल तर तो मळही नाही आणि कोरडेपणाही नाही, घासू नका, साखर तपासून घ्या. लहानपणापासून नडगीवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा, पावसाळ्यात बरी आणि थंडीत वाईट, घरात अजून कुणाला तशीच, तर तो जन्मजात प्रकार आहे, त्याला युरिया-लॅक्टिक ऍसिडची क्रीमं कायम लागतात.

२१. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, त्यानेच होतंय का?

हातभार असू शकतो, एकटं कारण नसतं. धरणाचं पाणी आपल्याकडे मऊ असतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं, ठाण्याला भातसाकडचं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, साबणाला फेस येत नाही म्हणून आपण जास्त साबण घासतो, आणि क्षार-साबणाची साय अंगावर राहते. बादलीवर, नळावर पांढरे डाग पडत असतील तर पाणी जड आहे समजा. साबण कमी करा, सिंडेट वापरा, शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या पाण्याचे घ्या. नळाला लावायच्या छोट्या फिल्टरवर हजारो रुपये घालवण्याआधी हे करून बघा.

२२. क्रीम लावलं की झोंबतं, म्हणजे ऍलर्जी आहे का?

उललेल्या त्वचेला दोन-तीन मिनिटं चरचरणं साहजिक आहे, युरिया-लॅक्टिक ऍसिडने जास्तच. चार दिवस नुसती जेली लावून मग परत करून बघा. पण लाल चट्टा, फोड, सूज, तासाभरानंतरही आग, तर बंद. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघायची सवय लावा. लहान मुलांच्या तोंडाला युरिया नको.

२३. डॉक्टरकडे कधी जाऊ?

दोन-तीन आठवडे नीट करूनही फरक नाही. खाजेमुळे झोप लागत नाही. पिवळं पाणी, खपली, पू, ताप. चट्टे पसरतायत. आणि एक प्रकार लोक हसण्यावारी नेतात: अंगावर काहीच दिसत नाही, त्वचा कोरडीही नाही, पण सगळ्या अंगाला खाज. तिथे थायरॉइड, किडनी, लिव्हर, साखर, रक्त तपासायला लागतं. कावीळ, वजन उतरणं, रात्रीचा घाम सोबत असेल तर उशीर नको. फी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात जा, जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा, डॉक्टरला त्यावरूनच निम्मं कळतं.

२४. फेब्रुवारी संपला की सगळं बंद करू?

जाड मलम, जेली पाठीवर-मानेवर-छातीवर बंद करा, मार्चमध्ये घाम सुरू झाला की त्याखाली घामोळं येतं. हातापायाला हलकं लोशन चालू द्या, एसी ऑफिसवाल्यांनी तर बारा महिने. टाचांचं क्रीम मेपर्यंत सोडू नका, उन्हाळ्यात उघड्या चपलांनी परत फुटतात. इसबाची खोड असलेल्यांना सुट्टी नाही, त्यांनी रोज लावायचंच. उरलेल्या डब्यावर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२ एम असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. डबा उघडला की मागे पेनाने तारीख टाकून ठेवा, पुढच्या डिसेंबरात मला फोटो पाठवून "हे चालेल का" विचारायला लागणार नाही.